हार्ट अटॅकनंतर ‘एक्सोसोम’चे डोस घ्यावेत का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा ५८ वर्षांचे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे छातीत दुखायला लागलं, ॲसिडिटी असेल म्हणून चार-पाच तास घरीच काढले आणि मग हॉस्पिटल गाठलं. एलएडी ही मोठी नस पूर्ण बंद निघाली, अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. डिस्चार्जच्या वेळी टूडी इकोत ईएफ, म्हणजे हृदय एका ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकतं तो आकडा, ३५ टक्के. आता एका क्लिनिकने सांगितलंय की ‘एक्सोसोम’चे, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांचे, तीन डोस सलाइनमधून दिले की मेलेला स्नायू पुन्हा तयार होतो. खर्च साडेचार लाख. आईच्या नावावरची एफडी मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

एफडी मोडू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचायला वेळ लागेल. पण ‘सगळं थोतांड आहे’ एवढंच म्हणून मी थांबणार नाही. ते खरंही नाही, आणि तेवढ्याने तुमचं समाधानही होणार नाही.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पेशींनी सोडलेल्या या सूक्ष्म पिशव्या दुखावलेल्या हृदयाला सावरायला मदत करतात का, हा एक. त्या क्लिनिकच्या बाटलीत जे आहे ते तुमच्या बाबांना आज उपयोगी पडेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आहे आणि त्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आहे. क्लिनिक पहिलं उत्तर दाखवून दुसऱ्यासाठी पैसे मागतंय, म्हणून दोन्ही सुटे करून सांगतो. बाबांची फाइल मी पाहिलेली नाही. किडनी, शुगर, बीपी, बाकीच्या नसांची अवस्था आणि तो इको अटॅकनंतर नेमका कितव्या दिवशी झाला, यावर बरंच अवलंबून आहे.

एलएडी ही नस हृदयाच्या पुढच्या भिंतीला आणि टोकाला रक्त पुरवते. ती बंद पडली की अर्ध्या तासाच्या आसपास पेशी मरायला लागतात, आणि हे मरण भिंतीच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जातं. म्हणून आम्ही नस लवकर उघडण्यासाठी एवढी धावपळ करतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात साधारण दोन ते चार अब्ज स्नायूपेशी असतात. मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या अब्जभर जाऊ शकतात. आणि गेलेल्या पेशींची भरपाई हृदय जवळजवळ करत नाही. हे कसं कळलं, ते सांगण्यासारखं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत जमिनीवर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार वाढला होता. माणसांच्या हृदयपेशींच्या डीएनएमध्ये त्याचं प्रमाण मोजून स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्या पेशींचं वय काढलं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयपेशी नव्या होतात, आणि पंचाहत्तरीपर्यंत तो वेग निम्म्याहून खाली येतो. तुमच्या बाबांच्या वयात एवढ्या वेगाने मेलेली भिंत भरून येत नाही.

तिथे व्रण होतो. पेशंटच्या घरचे ‘व्रण’ म्हटलं की घाबरतात, पण तो झाला नाही तर भिंत फाटेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत पांढऱ्या पेशींची पहिली फौज येऊन मेलेलं मांस साफ करते. त्यांच्यामागून मॅक्रोफेज नावाच्या पेशी येतात, आधी साफसफाईच्या आवेशात, मग हळूहळू दुरुस्तीच्या कामाला लागतात. पहिल्या आठवड्याच्या शेवटी भिंत सगळ्यात मऊ असते. पुढे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन विणतात आणि सहा-आठ आठवड्यांत व्रण घट्ट होतो. तुमचे बाबा आज या प्रवासाच्या मध्यावर आहेत. त्यांचं पुढचं आयुष्य कसं जाईल, हे तीन गोष्टींवर ठरेल. व्रण किती मोठा राहतो, त्याच्या कडेच्या अर्धमेल्या पेशी किती वाचतात, आणि उरलेलं हृदय भार सोसताना फुगत जातं की आपला आकार टिकवतं.

या सगळ्या काळात पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात, आणि त्या बोलण्याचा एक मोठा भाग म्हणजे तुमच्या क्लिनिकने सांगितलेल्या पिशव्या. एक्सोसोम ही त्यातली सर्वात लहान जात, ३० ते १५० नॅनोमीटरची. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारभर पिशव्या ओळीने बसतील. वरून पेशीच्याच पडद्याचं आवरण, आत प्रथिनं आणि आरएनएचे, म्हणजे जनुकांचे निरोप नेणाऱ्या रेणूंचे, तुकडे. १९८३ मध्ये कच्च्या लाल पेशींचा अभ्यास करताना मॉन्ट्रियल आणि सेंट लुईस इथल्या दोन गटांना त्या दिसल्या, तेव्हा पेशी आपला कचरा अशा पुड्या बांधून बाहेर टाकते असा समज झाला. २००७ मध्ये स्वीडनच्या गोटेनबर्गमधल्या संशोधकांनी दाखवलं की आतला आरएनए दुसऱ्या पेशीत पोचून तिथे काम करू शकतो. मग कळलं की हा निरोप आहे.

हृदयाच्या उपचारात हा विषय आला तो मात्र स्टेम सेलच्या, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या जातीच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींच्या, अपेक्षाभंगातून. २००१ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात दावा झाला की अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या की अटॅकने मेलेला हृदयस्नायू नव्याने तयार होतो. जगभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांना त्यावर विश्वास ठेवावासा वाटला, मलाही वाटला. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तपासलं, तर टोचलेल्या पेशी हृदयपेशी होतच नव्हत्या. त्या मूळ दाव्यामागच्या प्रयोगशाळेच्या ३१ शोधनिबंधांना मागे घेण्याची शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली. तरीही प्राण्यांमध्ये थोडा फायदा दिसत होता, आणि पेशी तर काही दिवसांत नाहीशा होत होत्या. मग फायदा कशाचा? २००५ मध्ये दिसलं की पेशी न देता, त्या ज्या द्रवात वाढवल्या तो द्रव दिला तरी हृदय वाचतं. २०१० मध्ये सिंगापूरच्या एका गटाने त्या द्रवातून नेमक्या या पिशव्या वेगळ्या काढल्या, उंदरांना दिल्या, आणि अटॅकने मरणारा भाग लहान झाला.

यातली मेख तुमच्या लक्षात आली असेल. या पिशव्या कामाच्या आहेत हे आपल्याला कळलंच मुळी अशातून, की नवा स्नायू उगवत नव्हता. क्लिनिकने तुम्हाला याच्या नेमकं उलट सांगितलंय.

मग त्या करतात काय? व्रणाच्या कडेच्या, मरू की जगू अशा अवस्थेतल्या पेशींना तगायला मदत करतात. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला चालना देतात. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे मॅक्रोफेजना साफसफाईवरून दुरुस्तीकडे वळवतात. साफसफाई फार काळ चालली की जिवंत पेशीही त्यात सापडतात. ती वेळेवर थांबली तर व्रण लहान आणि घट्ट होतो, आणि हृदय कमी फुगतं. थोडक्यात, जे जिवंत आहे ते वाचवणं आणि जखम नीट भरून आणणं हे त्यांचं काम. मेलेलं त्या जिवंत करत नाहीत.

आता बाटलीकडे येऊ. माझ्या नकारामागची कारणं समजून घ्या, म्हणजे उद्या दुसरं कुणी दुसऱ्या नावाने हेच विकायला आलं तरी तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

पहिली गोष्ट, त्या कुठल्या पेशींनी सोडल्यात. निरोप चांगला की वाईट हे पाठवणाऱ्यावर ठरतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की हृदयातल्याच फायब्रोब्लास्ट पेशींच्या एक्सोसोममुळे स्नायूपेशी आजारी पद्धतीने जाड होतात. म्हणजे ‘एक्सोसोम’ हे एका औषधाचं नाव नाही. ‘गोळी’ म्हटल्यावर जेवढं कळतं तेवढंच या शब्दातून कळतं.

दुसरी गोष्ट, त्या पोचतात कुठे. इथे एका प्रयोगावर जरा थांबतो, कारण तुमचा निर्णय मला त्यावरच ठरलेला दिसतो. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय संस्थेतल्या गटाने हृदयातूनच काढलेल्या पेशींचे एक्सोसोम डुकरांवर वापरले. डुकराचं हृदय आकाराने आणि नसांच्या रचनेने आपल्या हृदयाच्या बरंच जवळचं असतं. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. एक्सोसोम थेट हृदयाच्या भिंतीत सुईने टोचले, तेव्हा व्रण लहान झाला आणि पम्पिंग टिकलं. तेच एक्सोसोम हृदयाच्या नसेतून सोडले, तेव्हा फायदा दिसला नाही. नसेतून म्हणजे थेट हृदयाच्या दारात सोडूनही ते आत शिरले नाहीत. आणि तुमच्या बाबांना हाताच्या शिरेतून सलाइन लावणार आहेत. शिरेतून दिलेल्या पिशव्यांचा बराचसा भाग यकृत, प्लीहा आणि फुप्फुसं काही मिनिटांत उचलून घेतात.

याला एक अपवाद आहे आणि तो लपवणं बरोबर नाही. पॅरिसमध्ये फिलिप मेनाशे यांचा गट मुद्दाम शिरेतूनच असा द्रव देतोय, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा. त्यामागचा विचार असा की प्लीहा आणि यकृतातल्या प्रतिकारपेशींवर परिणाम झाला तर तो पुढे हृदयापर्यंत पोचू शकतो. कदाचित ते बरोबरही ठरेल. पण तो पहिल्या टप्प्याचा ट्रायल आहे, म्हणजे मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी. तो अटॅकच्या नाही, वेगळ्या कारणाने कमजोर झालेल्या हृदयाच्या पेशंटांसाठी आहे, आणि पहिल्या एका पेशंटचा अनुभव २०२४ मध्ये छापून आला. द्रव कुठल्या पेशींपासून आणि कसा बनवला, हे तिथे पायरीपायरीने नोंदवलेलं आहे. तुमच्या क्लिनिकच्या ब्रोशरवर कदाचित याच कामाचा उल्लेख असेल. ‘तीन डोस’ हा आकडा वाचून मला तशी शंका आली.

तिसरी गोष्ट, आणि इथे घरचे सगळ्यात जास्त फसतात. डिस्चार्जच्या वेळचा ३५ टक्के ईएफ हा बाबांचा कायमचा ईएफ नाही. अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या शेजारचा बराच जिवंत स्नायू बधिर होऊन बसलेला असतो. इकोच्या पडद्यावर तो भाग हलत नाही, बाकीच्या भिंती आत येतात आणि तो तसाच थिजलेला दिसतो. मेलेला आणि बधिर यांतला फरक साध्या इकोत त्या दिवशी ओळखणं कठीण असतं. नस उघडलेली असेल आणि गोळ्या नीट चालू असतील, तर तो स्नायू काही आठवड्यांत जागा होऊ लागतो. ३५ वर गेलेला पेशंट तीन महिन्यांनी ४५ घेऊन परत येतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. तुमचे तीन डोसही साधारण तेवढ्याच काळात संपतील. ईएफ वाढला तर श्रेय सलाइनला जाईल, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही, कारण सलाइन न घेतलेले दुसरे बाबा तुमच्याकडे नाहीत. म्हणूनच ट्रायलमध्ये दुसरा गट ठेवावा लागतो. युरोपात अटॅकनंतर अस्थिमज्जेच्या पेशी देण्याच्या मोठ्या ट्रायलला ३,००० पेशंट हवे होते, मिळाले ३७५. २०२० मध्ये निकाल छापला गेला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटातही दोन वर्षांत इतके कमी मृत्यू झाले होते की पेशींचा फायदा सिद्ध करता आला नाही.

मान्यतेचं सांगायचं तर हृदयासाठी मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम औषध आज ना भारतात आहे ना अमेरिकेत. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं, तेही काही पेशंटना गंभीर त्रास झाल्यानंतर. आपल्याकडे स्टेम सेलसाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी वापर फक्त क्लिनिकल ट्रायलमध्ये करायचा, असं त्यात स्पष्ट आहे. ट्रायल असेल तर त्याचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, आणि ज्या औषधाची चाचणी चालू आहे त्याचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. क्लिनिकला फोन करून तो क्रमांक मागा आणि सीटीआरआयच्या वेबसाइटवर स्वतः शोधून बघा.

माझ्या एका पेशंटबद्दल सांगतो. लालबागचे टॅक्सीचालक, एकसष्ट वर्षांचे. अटॅकनंतर ईएफ ३०. मला न सांगता त्यांनी असेच डोस घेतले, कर्ज काढून. चार महिन्यांनी आले तेव्हा पायांवर सूज होती, रात्री तीन उशा घेऊन झोपत होते, चाळीचा जिना चढताना दोनदा टेकावं लागत होतं. पिशवीतून त्यांनी रिकामी बाटली काढली, रुमालात नीट गुंडाळून आणलेली. वर एक नाव आणि ‘१०० बिलियन’ असा आकडा. कुठल्या पेशींपासून, कधी बनवलं, कुठल्या तापमानात ठेवायचं, यातलं काही नाही. या पिशव्या टिकवायच्या तर सहसा उणे ८० अंशांत ठेवतात, आणि ती बाटली त्यांना क्लिनिकच्या साध्या फ्रिजमधून काढून दिली होती. पण त्यांची सूज त्या बाटलीमुळे नव्हती. कर्जाचा हप्ता भागत नव्हता, म्हणून त्यांनी हार्ट फेल्युअरच्या दोन महागड्या गोळ्या बंद केल्या होत्या. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, जेनेरिक लिहून दिल्या. पाच महिन्यांनी ईएफ ३८ झाला. आता ते जिना एका दमात चढतात. मधले चार महिने त्यांच्या हृदयाला फुगायला मिळाले, ते मला परत आणता आले नाहीत. तुमच्या प्रश्नाला एवढं लांब उत्तर लिहितोय ते त्यांच्यामुळे.

आता तुमच्या बाबांचं. रक्त पातळ ठेवण्याच्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर, आणि त्या स्वतःहून एक दिवसही बंद करायच्या नाहीत. दाताचं काम निघालं तरी आधी तुमच्या डॉक्टरांना फोन. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. आणि ईएफ कमी असल्यामुळे चार प्रकारच्या गोळ्यांचा विचार व्हायला हवा: बीटा ब्लॉकर, रॅमिप्रिलच्या जातीची किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा इप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. चारही द्यायच्या का आणि किती, हे बीपी, किडनी आणि पोटॅशियम पाहून ठरतं, त्यामुळे यादी घेऊन थेट मेडिकलमध्ये जाऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘या चारपैकी बाबांना कुठली चालू नाही, आणि का?’ हृदय फुगू न देणं हेच काम या गोळ्या करतात, आणि हजारो पेशंटांच्या ट्रायलमध्ये त्या तपासून झाल्यात. जेनेरिक घेतल्या तर साडेचार लाखांत कित्येक वर्षांच्या गोळ्या येतील.

चालणं सुरू झालं नसेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. सपाट रस्त्यावर, दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांपासून. चालताना बोलता यायला हवं. दम लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी. जवळ कार्डिॲक रिहॅबची, म्हणजे हृदयाच्या पेशंटकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेण्याची, सोय असेल तर नक्की जा. सकाळच्या लोकलची गर्दी पहिले दीड-दोन महिने नको. व्यायाम केल्यावर आपल्याच पेशी या पिशव्या रक्तात जास्त सोडतात, हे माणसांमध्ये मोजलं गेलंय, आणि व्यायाम केलेल्या उंदरांच्या अशा पिशव्यांनी दुसऱ्या उंदरांचं हृदय वाचवल्याचं २०१९ मध्ये छापून आलंय. चालण्याचा फायदा नेमका त्यामुळेच होतो असं मी म्हणणार नाही. पण बाबांना एक्सोसोमची फारच ओढ असेल, तर त्यांना हे जरूर सांगा.

पापड, लोणचं, फरसाण, सुकट बंद. तंबाखू किंवा मशेरी असेल तर तीही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

अटॅकला ४० दिवस होऊन गेले की इको पुन्हा करा, आणि अँजिओप्लास्टीला तीन महिने झाले की आणखी एकदा. शक्यतो त्याच मशिनवर आणि त्याच डॉक्टरांकडून, कारण माणूस बदलला की ईएफमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला, तर आयसीडी नावाचं यंत्र बसवायचं का, हा प्रश्न येईल. ठोक्यांच्या जीवघेण्या गडबडीतून ते वाचवतं. त्याला पैसे लागतात, आणि आईची एफडी मोडायची वेळ आलीच तर ती तेव्हा येईल. तो रिपोर्ट आला की इथे लिहा. नुसता आकडा नको, कुठली भिंत हलत नाही असं लिहिलेलं वाक्यही टाका.